तारेची साक्ष कोण काढणार?

गेल्या हंगामात फेब्रुवारीतल्या एका दुपारी आमच्या एका गटातला तोडीला आलेला 86032 चा फड डोळ्यांदेखत जळाला. वरून अकरा हजारांची लाईन, तारा ढिल्या आणि वारा सुटलेला. बांधावरच्या दोघांनी कडाड् आवाज ऐकला, ठिणग्या पडताना पाहिल्या. पंचनाम्यात मात्र कारण ‘अज्ञात’. लाईन चालूच होती, मीटरवर काही दिसत नाही, असे उत्तर मिळाले. टोळी फिरवून ऊस दुसऱ्या दिवशी आणला, पण वजन घटले ते घटलेच आणि वर जळीत कपात. भरपाईचा अर्ज पुराव्याअभावी पडून आहे.

मीटरवर दिसत नाही, हे खोटे नव्हे. मीटर साठवतो तो पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा हिशेब. विजेचे एक आवर्तन असते 20 मिलिसेकंदांचे. दोन तारा एकमेकींना लागून सुटायला अशी थोडीच आवर्तने पुरतात. तेवढ्यात शेकडो, कधी हजारो अँपिअर वाहून जातात, अॅल्युमिनियम वितळते आणि त्याचे पेटते कण पाचटावर पडतात. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघून काल दुपारी दहा मिनिटांत ढगफुटी झाली होती का, हे कोणी सांगेल का? तसेच हे.

आम्ही शेतीचे डिप्लोमावाले, विजेचे नव्हे. म्हणून सहवीज प्रकल्पाच्या इंजिनिअर साहेबांकडे दोन संध्याकाळी बसून समजून घेतले. नेहमीच्या सीटीत लोखंडी गाभा असतो. दोषाचा मोठा प्रवाह आला की तो गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि खरा आकडा पुढे देत नाही. रोगोवस्की कॉईलमध्ये लोखंडच नसते. 1912 साली जर्मनीत रोगोवस्की आणि स्टाइनहाउस यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली, म्हणजे वस्तू नवी नाही. तारेभोवती घातलेले गुंडाळीचे कडे, एवढेच. प्रवाह जितका झपाट्याने बदलेल तितका जास्त दाब त्या कड्यात निर्माण होतो. त्याची बेरीज करत गेले की प्रवाहाचा आलेख मिळतो.

तारेला जोडणी कुठेच नाही, ही त्यातली मोठी सोय. मात्र उघड्या अकरा हजारांच्या तारेवर नुसते कडे चढवायचे नाही, त्याचे वेष्टन तेवढा दाब सोसेलच असे नसते. उपकेंद्रातून फीडर बाहेर पडतो तिथे जमिनीखालची केबल असेल, तर तिच्याभोवती कडे बसते. तिच्या पडद्याची अर्थिंगची तार त्याच कड्यातून परत घ्यावी लागते, नाहीतर पडद्यातला प्रवाहही मोजला जातो. उघड्या तारेवरच मोजायचे असेल तर वर सेन्सर आणि खाली काचतंतूतून प्रकाशाने संदेश, म्हणजे दाब माणसापर्यंत उतरत नाही. (काही उत्साही वायरमन चिमटा मीटर काठीला बांधून वर नेतात म्हणे. कृपा करून असे करू नका, आणि करूही देऊ नका.)

‘आग लागल्यावर नोंद काय चाटायची?’ असे एका जाणत्या सभासदांनी आम्हाला विचारले. प्रश्न बरोबर आहे. आग थांबते ती तारा ताणल्याने आणि मध्ये स्पेसर टाकल्याने. पण 2 वाजून 10 मिनिटांनी अमुक फीडरवर दोन फेजांत दोष झाला, असा कागद हातात असेल, तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 161 खालच्या चौकशीत विद्युत निरीक्षकापुढे शेतकऱ्याचा शब्द एकटा राहत नाही. आणि तीच नोंद वारंवार येऊ लागली, तर त्या फीडरच्या ढिल्या तारांकडे दुर्लक्ष करणेही कठीण जाते. दोष नेमका कुणाच्या फडावर झाला, हे फाटे असलेल्या फीडरवर यंत्र एकटे सांगणार नाही. त्यासाठी बांधावरचा साक्षीदार लागेलच.

फीडर कारखान्याचा नाही, वीज कंपनीचा आहे. तेव्हा परवानगी तिची, खर्चात वाटा आपला, असे आमचे मत आहे. उसाच्या पट्ट्यातल्या ज्या फीडरखाली फड जळाले, तिथून सुरुवात करावी आणि हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे यावा, असे आम्ही संचालक मंडळाला लेखी कळवले आहे. तोवर ज्यांच्या उसावरून ढिल्या तारा गेल्या आहेत, त्यांनी गट नंबर आणि खांबाचा नंबर गट कार्यालयात लिहून द्यावा. चिटबॉयकडे तोंडी सांगू नये, कागदावरच द्यावे आणि पोच घ्यावी.