मुक्या जीवांच्या मृत्यूचा हिशेब

सर्वोच्च न्यायालयाने दि. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील भटकी कुत्री उचलावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून ती आश्रयगृहांत ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे स्थानिक संस्थांना बजावले. या आदेशाने समाधान पावलेले आणि व्यथित झालेले असे दोन तट पडले. त्या वादात आज आम्हांला शिरावयाचे नाही. रस्त्याने शाळेला जाणाऱ्या लेकराच्या जिवाची काळजी आणि मुक्या प्राण्याविषयीची करुणा या दोन्ही भावना एकाच अंतःकरणात नांदू शकतात, असे आम्ही मानतो. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुत्रे आश्रयगृहाच्या फाटकातून आत गेले, की त्याचे पुढे काय झाले हे कोण कोणास सांगणार?

हा प्रश्न आजवर तितकासा तीव्र नव्हता, याचे कारण समजून घेतले पाहिजे. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम प्रथम २००१ साली आले व २०२३ साली नव्याने झाले. त्यांची मूळ कल्पना अशी, की कुत्रे पकडावे, त्याची शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी, खूण म्हणून कान किंचित कापावा आणि जेथून उचलले तेथेच आणून सोडावे. या पद्धतीत एक पहारा आपोआप घडत असे. गल्लीतले कुत्रे आठवडा उलटला तरी परतले नाही, तर त्याला रोज भाकरी घालणारी एखादी आजी, नाक्यावरचा पानवाला, इमारतीचा रखवालदार यांपैकी कोणी तरी चौकशी करीच. आता ज्या कुत्र्यांनी परतावयाचेच नाही असे ठरले, त्यांच्या न परतण्याची शंका कोणास यावी? आश्रयगृहात ठेवलेले कुत्रे आणि आश्रयगृहात मारलेले कुत्रे यांत बाहेरच्या माणसाला काहीच फरक दिसत नाही. हिशेब मागण्याची निकड येथे उत्पन्न होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दयामरण हा शब्द आम्हांला निषिद्ध वाटत नाही. मोटारीखाली कंबर चिरडलेल्या, उपचाराच्या पलीकडे गेलेल्या प्राण्याला तडफडत ठेवणे ही दया नव्हे. २०२३ चे नियमही तेच सांगतात. असाध्य रोगाने ग्रासलेल्या वा प्राणांतिक जखमी झालेल्या कुत्र्यालाच, त्यासाठी नेमलेल्या पथकाने तपासणी केल्यावर, पात्र पशुवैद्याने वेदनारहित रीतीने मरण द्यावे. ते दुसऱ्या कुत्र्यादेखत देऊ नये. आणि विल्हेवाटीपूर्वी प्राण खरोखर गेला आहे याची खात्री करून घ्यावी, अशी त्यांची आज्ञा आहे. रेबीजची दाट शंका असलेल्या कुत्र्यालाही वेगळे ठेवून नैसर्गिक मृत्यू येऊ द्यावा, असे नियमकर्त्यांनी म्हटले आहे. तेव्हा जागा अपुरी आहे, खर्च झेपत नाही, कुत्रे भुंकते फार, ते म्हातारे झाले किंवा त्याला कोणी नेत नाही, या कारणांनी टोचलेली सुई दयामरणाच्या नावाखाली येऊ शकत नाही. तिला साध्या मराठीत मारणे म्हणतात.

असे मारणे सत्प्रवृत्त माणसांच्या हातूनही घडते, याचा धडा अमेरिकेतील एका प्रकरणाने दिला आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हर्जिनिया राज्यात, पार्क्सली या लहानशा गावाजवळच्या वस्तीत, एका मजूर कुटुंबाच्या ओसरीवरून ‘माया’ नावाची चिवावा जातीची कुत्री उचलून नेण्यात आली. नेणारी माणसे प्राण्यांच्या हक्कांसाठी जगभर गाजणाऱ्या ‘पेटा’ या संस्थेची होती. राज्याच्या नियमाप्रमाणे अशा कुत्रीला किमान पाच दिवस सांभाळणे बंधनकारक होते. मायाला त्याच दिवशी मारण्यात आले. घराच्या कॅमेऱ्यात गाडी व माणसे टिपली गेली, म्हणूनच ही गोष्ट उघडकीस आली. कॅमेरा नसता, तर कुत्री हरवली एवढेच त्या कुटुंबाच्या पदरी उरले असते.

पुढे काय झाले, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. चोरीचा आरोप ठेवला गेला, परंतु गुन्हेगारी हेतू सिद्ध होण्यासारखा नाही म्हणून सरकारी वकिलांनी तो सोडून दिला. राज्याच्या कृषिखात्याने संस्थेस पाचशे डॉलर दंड केला. कुटुंबाने सत्तर लाख डॉलरपर्यंतचा दावा लावला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये एकोणपन्नास हजार डॉलरवर तडजोड झाली. संस्थेने चूक झाल्याचे सांगून क्षमा मागितली. हेतू वाईट नव्हता, हे कुटुंबानेही मान्य केले. आम्हांला या प्रकरणाचे मर्म येथेच दिसते. हेतू शुद्ध होता हे सर्वांना मान्य, आणि तरीही धडधाकट, सांभाळलेली, मुलीच्या जिवाभावाची कुत्री मेली ती मेलीच. ज्या हातांत मरण देण्याची सत्ता आहे, त्यांच्या शुद्ध हेतूवर विसंबून चालत नाही. त्यांना नियमाचा काच लागतो.

व्हर्जिनियाने तो काच आवळला. २०१५ साली तेथील विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून खाजगी आश्रयगृहाची व्याख्याच बदलली. प्राण्यांना कायमचे घर मिळवून देणे हे ज्याचे उद्दिष्ट, तेच आश्रयगृह, असे ठरले. तेथे एक चाल त्यापूर्वीपासूनच आहे, तिचा आपण विशेष विचार करावा. किती प्राणी आले, किती दत्तक गेले, किती मालकाकडे परतले आणि किती मारण्यात आले, याचा आकडा प्रत्येक आश्रयगृहाने दरसाल राज्याकडे पाठवावयाचा असतो आणि तो कोणाही नागरिकास पाहता येतो. त्या संस्थेवर झालेली टीका म्हणूनच निव्वळ भावनेवर उभी नव्हती. तिच्या पाठीशी संस्थेनेच लिहून दिलेले आकडे होते.

आपल्याकडे काय आहे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात क्रूरतेच्या पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. पासष्टाहून अधिक वर्षे लोटली, परंतु या कलमातील रुपया जागचा हललेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्यास आगळीक करून मारल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे खरी. परंतु ती लागू करावयाची तर हेतू सिद्ध करावा लागतो, आणि बंद दाराआड, वैद्यकीय निर्णयाच्या नावाने घडलेल्या कृत्याचा हेतू कोण, कशाच्या आधारे सिद्ध करणार? एका बाजूला हास्यास्पद दंड आणि दुसऱ्या बाजूला हाती न येणारा गुन्हा, यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपली आश्रयगृहे उभी राहणार आहेत.

आणखी एक विसंगती नोंदवितो. दि. ११ ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आदेशात, जो पुढे २२ ऑगस्ट रोजी सौम्य करण्यात आला, दिल्लीतील आश्रयगृहांवर कॅमेरे बसविण्यास सांगितले होते. हेतू असा, की एकही कुत्रे बाहेर सोडले जाऊ नये. कुत्रे निसटू नये म्हणून कॅमेरा हवा, हे सुचले. ते आतल्या आत नाहीसे होऊ नये म्हणूनही कॅमेरा हवा, हे कोणी सुचविले नाही.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येईल तो आम्ही जाणतो. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ साली देशात कुत्रे चावल्याच्या ३७,१७,३३६ घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजने चोपन्न संशयित मृत्यू झाले. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला कुत्र्यांच्या मृत्यूचा हिशेब सांगणे क्रूर वाटेल. त्या दुःखापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु रेबीजला आळा बसतो तो लसीने, शस्त्रक्रियेने आणि नीट ठेवलेल्या नोंदींनी. जे आश्रयगृह किती कुत्री मेली हे सांगू शकत नाही, ते किती कुत्र्यांना लस टोचली हे तरी कोणत्या तोंडाने सांगणार? वहीतला खोटेपणा एकाच रकान्यात राहत नाही. हिशेबाची मागणी चावलेल्या माणसाच्याही हिताचीच आहे.

दुसरा आक्षेप संस्थांकडून येतो. तुटपुंज्या देणग्यांवर, अपुऱ्या माणसांनिशी, रात्री-अपरात्री जखमी प्राणी उचलणाऱ्यांवर अविश्वास दाखवू नका, असे ते म्हणतात. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु प्रामाणिक माणसाला नोंदवहीचे भय नसते. उलट, खोटा आळ आला तर तीच त्याची साक्षीदार होते. ज्यांनी शाळेत वर्ग सांभाळला आहे त्यांना ठाऊक आहे, की हजेरीपट मुलांवरील अविश्वासापोटी ठेवला जात नाही. एखादे मूल आले नाही हे कोणाच्या तरी लक्षात यावे, म्हणून तो असतो.

म्हणून आमच्या मागण्या पाच आहेत. आश्रयगृहात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची क्रमांक, छायाचित्र व सापडल्याची जागा यांसह त्याच दिवशी नोंद व्हावी. पट्टा असलेले वा माणसाळलेले कुत्रे, ते मरणयातनांत नसेल तर, मालकाच्या शोधासाठी ठराविक दिवस राखावे. दयामरणाचा निर्णय सुई टोचण्यापूर्वी कारणासह लेखी व्हावा आणि त्यावर पशुवैद्याबरोबर संस्थेबाहेरच्या एका माणसाची सही असावी. आलेली, दत्तक गेलेली, आजाराने मेलेली आणि मारलेली कुत्री यांचा आकडा दरमहा आश्रयगृहाच्या दारावर व महानगरपालिकेच्या कार्यालयात लावला जावा. आणि नोंदीवाचून कुत्रे मारल्याचे आढळल्यास पन्नास रुपयांवर न सोडता संस्थेची मान्यता व अनुदान काढून घ्यावे, तसेच १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाखाली संबंधित पशुवैद्याच्या नोंदणीचीही चौकशी व्हावी. यांतील एकाही मागणीस नवी इमारत लागत नाही, कोट्यवधींचा निधी लागत नाही. वही, कॅमेरा आणि दोन सह्या एवढे पुरे.

मुंबई शहराच्या स्मृतीत एक जुनी गोष्ट आहे. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या हुकुमाने, एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावून, रस्त्यांवरची कुत्री मारण्यात येऊ लागली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला; इतरही त्यांना मिळाले आणि शहराचे व्यवहार थांबले. दंगलीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्या काळी कुत्री भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत मारली जात होती, म्हणून लोक बोलू शकले. आज जे घडेल ते भिंतीआड, शांतपणे आणि स्वच्छ सुईने घडेल. कोणाला ऐकू येणार नाही, कोणी धावून जाणार नाही.

रस्ते निर्धोक व्हावेत ही आमची, आपल्या सर्वांची इच्छा आहे, आणि त्यासाठीच आपण ही कुत्री नजरेआड पाठविण्यास संमती दिली आहे. ती संमती देणारा समाज त्यांच्या मरणाविषयी अजाण राहण्याचा हक्क सांगू शकत नाही. महानगरपालिकेने आश्रयगृहाच्या पहिल्या विटेआधी नोंदवहीचे पहिले पान आखावे, आणि ते पान वाचण्याचा अधिकार कोणाही नागरिकास असावा.