दोहापर्यंत गेलात, यवतलाही एकत्र या

७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं. त्यानंतर खासदारांची सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशी गेली. कतार, इजिप्त, इथिओपिया, दक्षिण आफ्रिकेला गेलेल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या सुप्रिया सुळे. आपला दौंड तालुका त्यांच्याच मतदारसंघात येतो. ओवैसी दुसऱ्या शिष्टमंडळातून आखाती देशांत गेले. विरोधकही देशासाठी एका सुरात बोलले. शिरूरमध्ये बसून मला याचा अभिमान वाटला.

पहलगामच्या हल्लेखोरांनी धर्म विचारून माणसं मारली. त्यांना आपल्यात फूट हवी होती. पर्यटकांसाठी पुढे झालेला सय्यद आदिल हुसेन शाहही तिथेच गेला.

आणि १ ऑगस्टला दौंडमधल्या यवतला एका पोस्टवरून तोडफोड, जाळपोळ झाली. जमावबंदी लागली. एकाच्या पोस्टचा हिशेब अख्ख्या समाजाकडे मागितला गेला.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. पोस्ट किती वेगाने पसरते ते मला माहीत आहे. शांतता समिती तेवढ्या वेगाने जमत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: जे पक्ष दोह्यात एकत्र बसले, त्यांनी गावच्या चावडीवरही एकत्र बसावं, तेही तणाव येण्याआधी.

मित्रांनो, ग्रामसभेत जाऊन आपणच हे मागू या. आणि भडकाऊ पोस्ट आपल्या बाजूची असली तरी फॉरवर्ड करू नका.