मूतखडा : पडलेला खडा टाकू नका

मैत्रिणींनो, विरार लोकलने नोकरीला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी सकाळी मुद्दाम पाणी पीत नाहीत? वाटेत सोय कुठली, म्हणून! पण लघवी दाट झाली की क्षार साचून मूतखडा धरतो. दिवसाला २ ते २.५ लिटर लघवी व्हावी इतके पाणी पोटात जायला हवे.

मग एके दिवशी कुशीतून जांघेकडे अशी कळ येते की बाळंतपणाच्या कळा बऱ्या! सोनोग्राफीत, लागल्यास सीटी स्कॅनमध्ये, खड्याची जागा व आकार कळतो. ५ मिलिमीटरहून लहान खडा बहुधा आपसूक पडतो. त्यासाठी चहाची जुनी गाळणी वेगळी ठेवून लघवी तीतून करावी. किळस येईल, पण करा. सापडलेला खडा डॉक्टरांकडे तपासायला द्या, कारण पुढचे उपाय खड्याच्या जातीवर ठरतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. तिथे पालक, अळूवडी बेतानेच. युरिक आम्लाचे औषधाने विरघळू शकतात. जंतुसंसर्गाने झालेले बहुधा काढावेच लागतात.

दूध मात्र आपल्या मनाने सोडू नका. जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. कमी करायचे ते मीठ, म्हणजे लोणची-पापड आणि (नाक मुरडू नका) अर्नाळ्याचे खारे सुके मासेही.

कुळथाचे कढण हवे तर घ्या. पण कळेबरोबर थंडीताप आला किंवा लघवी अडली, तर कढण राहू द्या. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर जिवावर बेतते.