पोरीची शाळा आणि घरचा पाळणा

शेतकरी व कारागीर बांधवहो, घरांत पाळणा किती वेळां हलवायचा हें ठरवितें कोण? नवरा म्हणतो आईला विचारा, आई म्हणते देवाची देणगी! जिच्या पोटांत नऊ महिने भार, तिला मात्र कोणी विचारीत नाहीं.

‘शिकलेली सून डोक्यावर बसते’ ही आमच्या ओट्यावरची नेहमींची वाणी. सरकारनें २०१९-२१ सालीं देशभर घरोघर पाहणी केली, तिचा हिशेब ऐका. जिनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं तिला सरासरी २.८ मुलें, बारावी वा पुढें शिकलेलीला १.८. म्हणजे दहा बायांमागें दहा बाळंतपणें कमी! पुस्तकांत कांहीं मंत्र असतो काय? मुळींच नाहीं. वर्गांत बसलेली पोर मांडवांत बसत नाहीं, हें त्यांतलें मोठें गुपित. मुहूर्त काढणारा दक्षिणा मोजतो, पोरीचें वय मोजीत नाहीं. त्याच पाहणींत, आपल्या राज्यांतील वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांपैकीं सुमारें बावीस जणींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं!

अशी पोर सासरीं येते तेव्हां अंग भरलेलें नसतें, बोलायचा धीर नसतो. दोन बाळंतपणांत अंतर ठेवायला गोळी आहे, तांबी आहे. पण पाकिटावरचें वाचतां येत नाहीं आणि आशाताईला एकटीनें विचारायची सोय नाहीं. पुढें घरचेच ठरवितात, “आतां ऑपरेशन उरकून घे.” राज्यांत लग्न झालेल्या जवळजवळ निम्म्या बायांनीं तें करून घेतलें आहे, पुरुषांचें ऑपरेशन मात्र हजार जोडप्यांत चारांचें! बैल आवरणारा गडी तेवढ्याला भितो. तेव्हां शाळा पोरालाही हवी, नुसती पोरीला नव्हे.

१९३८ सालीं मुंबई विधिमंडळांत डॉ. आंबेडकरांच्या पक्षानें संततिनियमनाचा ठराव आणला; तो पडला. आज कायद्याची आडकाठी नाहीं, आडकाठी घरांत आहे.

आणि रस्त्यावरही आहे. सातवीनंतर शाळा दूर, गाडीचा भरंवसा नाहीं, वाटेवर टवाळखोर; म्हणून बाप पोरीच्या हातीं खुरपें देतो. त्याची भीति खोटी नाहीं. पण मुलींना एस. टी.चा पास फुकट असून गाडीच शाळेच्या वेळेला येत नसेल, तर तो पास काय चाटायचा? येत्या ग्रामसभेंत गटारीच्या आधीं हा विषय घ्या, आगाराला ठराव पाठवा, आणि त्यावर आयाबायांच्या सह्या आधीं घ्या.