चोरदरवाजा कुणाचा?

निकाल लागला त्या दुपारी गुंजवण्याहून धाकट्याचा फोन आला. छप्पन टक्के. पुढे काही बोलेना. मग म्हणाला, "दादा, गोदीत माझ्यासाठी काम लागंल का?"

मी इंदिरा डॉकला होतो. वर क्रेनला पोलादाची कॉइल लटकत होती, खाली आम्ही. डोकं सटकलं. पोरगं पास झालंय. गुरं सांभाळून, आवणात गुडघाभर उभं राहून पहिल्या फटक्यात पास झालंय, आणि बोलतंय असं की चोरी करताना सापडलंय. ही शरम त्याच्या टाळक्यात कुणी घातली, त्याचा हिशेब मागायचाय.

दोस्तांनो, मी 2019 चा दहावी पास आहे. त्या साली बोर्डाने भाषा आणि समाजशास्त्रातले शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आपटला. पुढल्या साली ते गुण परत आले, करोनाने भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने वाटले. निकाल 95.30. 2021 ला परीक्षाच झाली नाही. निकाल 99.95! आता बोला गुणवत्तेच्या ठेकेदारांनो, महाराष्ट्रातल्या पोरांचा मेंदू काय 2019 ला गहाण पडला होता आणि 2021 ला सोडवून आणला? पोरं तीच, मास्तर तेच, फळा तोच. पायली बदलली. त्या फुटक्या पायलीने मला मोजलं. 49 भरलो.

दाखला देताना एक मास्तर म्हणाला, "कॉलेज कशाला तुम्हाला? हाताला काम बघा." त्या ‘तुम्हाला’मध्ये आदर नव्हता, अख्खा वाडा होता. मी मान खाली घातली आणि मुंबई गाठली. मान खाली घातली ही माझी चूक. ती मी इथे छापून देतोय.

आणि वाढीव गुण बघा. शास्त्रीय गायन, नृत्य, चित्रकलेची इंटरमिजिएट, खेळ, सगळ्यांचे जादा गुण दहावीला मिळतात. मिळू देत. माझा नाचगाण्याशी झगडा नाही, मी स्वतः कविता करतो. पण क्लासची फी भरून शिकलेली कला बोर्डाला दिसते. डोक्यावर भारा घेऊन गड चढायला जी अक्कल आणि दम लागतो त्याला रकाना नाही. लोककलेला आता रकाना दिलाय म्हणतात. आमच्या आजाने हलगी वाजवली तेव्हा त्याला मात्र गुण मिळाले नाहीत, शिळी भाकर मिळाली.

गुंजवणे म्हणजे राजगडाचा पायथा. 2024 साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला गडाचं नाव द्यायचं ठरवलं. शनिवार-रविवार पुण्यातली कॉलेजची पोरंपोरी पाठीला पिशव्या लावून येतात. धाकटा वर ताक विकतो. चोरदरवाज्याची वाट ते त्याला विचारतात. धुक्यात चुकले तर त्यालाच हाका मारतात. तोच पोरगा त्यांच्या कॉलेजच्या दारात गेला की त्याला टक्के विचारतात, आणि राखीव जागेवर बसला की म्हणतात, मागच्या दाराने आला.

मागचं दार? अकरावीला 5 टक्के जागा व्यवस्थापनाच्या. 10 टक्के त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांच्या. ही दारं कुणासाठी उघडतात? अनुसूचित जातींच्या 13 टक्क्यांना दाखला लागतो, यादी लागते, तिथेही कट-ऑफ लागतो. 2023 साली डॉक्टरीच्या पदव्युत्तर जागा भरेनात, तेव्हा केंद्राने पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, सगळ्या प्रवर्गांना. शून्य! 1990 साली मंडलच्या विरोधात रस्त्यावर बुटाला पॉलिश करायला बसलेली गुणवत्ता त्या दिवशी कुठल्या गल्लीत होती? कमी गुण त्यांनाही पडतात. त्यांच्या कमी गुणांना पैसा सांभाळतो, ओळख सांभाळते. आमच्या कमी गुणांना फक्त शरम.

आता आपल्यावर येतो, कारण लाथ घरातही घालावी लागते. जयंतीला वस्तीत गुणवंतांचा सत्कार असतो. ऐंशीच्या वर असेल त्याला शाल, ट्रॉफी, फोटो. खालचे मागे उभे राहून टाळ्या वाजवतात. आणि स्टेजवर फोटो कुणाचा? 1907 साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन हायस्कूल. गुण 750 पैकी 282. काढा टक्के. साडेसदतीस! संस्कृत शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतल्या खोलीत बाप पहाटे दोनला उठवायचा तेव्हा अभ्यास व्हायचा. त्या 282 गुणांसाठी लोकांनी सभा भरवली. अध्यक्ष सी. के. बोले. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र हातात दिलं. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. मग गुरुजींनीच शब्द टाकला आणि सयाजीरावांचे महिना 25 रुपये सुरू झाले. 1912 ला बी. ए., 1913 ला कोलंबिया. आज हेच साडेसदतीस घेऊन ते आले असते तर आपण त्यांना मंडपात खुर्ची दिली असती का? खरं सांगा.

ते लोक शहाणे होते. त्यांनी आकडा नाही बघितला, आकडा कुठून आला ते बघितलं. आणि नुसत्या टाळ्या वाजवून घरी गेले नाहीत, पैशाची सोय केली.

धाकट्याला सांगितलं, गोदीचं नाव काढशील तर थोबाड फोडीन. आधी मार्कलिस्ट बाहेर काढ. इंग्रजीत घोळ वाटतो तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, मुदत थोडी असते, मग पुनर्मूल्यांकन. नाहीच वाढले तर श्रेणीसुधारला परत बसता येतं. फॉर्मात दहा कॉलेजं भरता येतात, दहाच्या दहा भर. पहिलं नाव विचार करून टाक, ते मिळालं आणि घेतलं नाहीस तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. जातीचा दाखला आजच काढायला टाक. वसतिगृहाचा अर्ज कर, नाही मिळालं तर स्वाधारचा. तिथेही टक्क्यांची अट ठेवलीय साल्यांनी, बाबासाहेबांचं नाव देऊन.

हे सगळं मला 2019 ला कुणी सांगितलं नाही. म्हणून म्हणतो, ट्रॉफ्यांचे पैसे यंदा वाचवा. निकालाच्या दिवशी वस्तीच्या तोंडाला एक टेबल टाका, दोन पोरं बसवा, एक मोबाईल, एक प्रिंटर. नव्वदवाल्याला नाही लागत. पन्नासवाल्याला हाका मारून बोलवा, तो आपणहून येणार नाही.

मी दोन पाळ्या सोडल्यात. मुकादम म्हणाला, पैसे कापीन. काप. सकाळी स्वारगेटहून वेल्ह्याची एस. टी. धरतोय. धाकटा तहसीलच्या दारात उभा असेल, मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पाऊस लागलाय तिकडे.