मिठाच्या वर, मिठाच्या खाली

परवा मुंबईच्या चोर बाजारात एक चिमुकली वाटी दिसली. तीन पायांची, काठाला नक्षी, आत निळ्या काचेची छोटी वाटी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सिंदूर रखने का है." मी मनात हसले. ती होती साहेबी टेबलावरची जुनी मीठदाणी. माझ्या कपाटातली बारावी!

"हा कसला गं छंद?" असं मैत्रिणी विचारतात. पण या इवल्याशा भांड्यात केवढा इतिहास भरलाय! जुन्या काळी इंग्लंडमध्ये सरदारांच्या मेजवानीत चांदीची मोठी मीठदाणी यजमानापुढे ठेवत. मानाचे पाहुणे तिच्या वरच्या बाजूला, बाकीचे खालच्या बाजूला. कोणाची पायरी कोणती, ते मीठ ठरवायचं! फ्रान्सच्या राजासाठी चेलिनी या शिल्पकाराने १५४३ च्या सुमारास सोन्याची मीठदाणी घडवली. व्हिएन्नाच्या संग्रहालयातून ती २००३ मध्ये चोरीला गेली आणि २००६ मध्ये जंगलात पुरलेली सापडली.

आणि ती निळी काच? ती नुसती शोभेची नाही. मीठ चांदीला खातं, डाग पाडतं, म्हणून आत काच. आपल्या आज्यांनाही हे ठाऊक होतं. त्यांचं मीठ लाकडी डब्यात नाहीतर चिनी मातीच्या बरणीत असायचं. पुढे १९११ मध्ये अमेरिकेत मॉर्टन कंपनीने मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं. दमट हवेतही मीठ मोकळं राहू लागलं. मग भोकाभोकांच्या डब्या रुळल्या आणि या वाट्या अडगळीत गेल्या.

आपल्या ताटात मात्र मीठ पहिलं वाढतात, डाव्या हाताला, प्रत्येकाला. पंगतीत बसलेल्या कुणाचंच ताट मिठावाचून राहत नाही. हे सांगताना मला अभिमान वाटायचा. मग आठवलं, त्या पंगतीत आई कुठे होती? ती वाढत होती. आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका. भाजी संपली की म्हणायची, "मला काय, मीठ-भाकरी पुरे." इंग्रजांनी टेबलावर रेघ ओढली, आपण घड्याळावर ओढली, एवढाच काय तो फरक! आजही कितीतरी घरांत ती रेघ तशीच आहे. आणि खरं सांगू? ती पुसायला आपणच कचरतो. "तुम्ही बसा, मी मागून बसते," हे वाक्य आपल्याच तोंडून जातं ना!

रविवारी ती नवी मीठदाणी घासूनपुसून मी टेबलाच्या मधोमध ठेवली. पोळ्या आधीच करून डब्यात ठेवल्या आणि सगळ्यांबरोबर पान वाढून घेतलं. सासूबाई सवयीने उभ्याच होत्या. त्यांचा हात धरून शेजारी बसवलं. त्या जरा अवघडल्या. मग म्हणाल्या, "मीठ दे गं इकडे."