सेलेनियम : गरजेपुरतेच बरे

अनेक मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांच्या बाटलीवर बारीक अक्षरांत सेलेनियमचे नाव असते. ते अँटिऑक्सिडंट, म्हणजे कर्करोगापासून संरक्षण देणारच, असे अनेकजण गृहीत धरतात. हे गृहीतक धोक्याचे आहे.

सेलेनियम शरीरात मुख्यतः काही विशिष्ट प्रथिनांचा भाग बनून काम करते. माणसात अशा प्रथिनांची 25 जनुके आहेत. थायरॉइडचे संप्रेरक कार्यक्षम करणे, पेशींच्या आवरणातील मेदाची हानी रोखणे, अशी कामे ही प्रथिने करतात. त्यांतल्या ‘जीपीएक्स 4’चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे भ्रूण गर्भातच मरतात, इतके ते वाढीसाठी मोलाचे आहे. चीनमध्ये सेलेनियमची कमतरता असलेल्या भागांत मुलांना आणि तरुण स्त्रियांना हृदयाचा ‘केशान’ आजार होत असे. तिथे सेलेनियम दिल्यावर तो खूपच आटोक्यात आला.

मात्र पेशीला मरणापासून वाचवणारे प्रथिन ती पेशी निरोगी आहे की कर्करोगाची, हे बघत नाही. काही कर्करोगपेशी ‘जीपीएक्स 4’च्याच आधारावर तग धरतात. म्हणूनच त्याला रोखणाऱ्या औषधांचा शोध सुरू आहे.

माणसांवरील चाचण्यांनीही सावध केले आहे. अमेरिकेत 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सेलेनियम घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला आणि आशा वाढल्या. मग 2001 मध्ये 35 हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही मोठी चाचणी सुरू झाली. सेलेनियमच्या गटांना रोज 200 मायक्रोग्रॅम दिले जात होते. फायदा दिसेना, म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या. 2014 मधल्या विश्लेषणात तर असे आढळले, की ज्यांच्या शरीरात आधीच पुरेसे सेलेनियम होते, त्यांच्यात या गोळ्यांनी आक्रमक कर्करोगाचा धोका वाढला.

आपल्याकडेही ‘जास्त’चा प्रश्न काल्पनिक नाही. पंजाबच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम अधिक आहे आणि ते गव्हात उतरते. बुलडाणा जिल्ह्यातील केसगळतीच्या घटनांनंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडेच बोट दाखवले होते.

प्रौढांना दिवसाला साधारण 40 ते 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. धान्य, डाळी, अंडी, मासे यांतून ते मिळू शकते. कमतरता तपासणीत दिसली तर डॉक्टर गोळी देतील. केवळ ‘असू द्या, अपाय तर नाही’ म्हणून मात्र ती घेऊ नये. अपाय होऊ शकतो.